गच्चीवर वाटाण्याचा संकर: मेंडेलचं ३:१ पुण्याच्या हिवाळ्यात स्वतः मोजण्यासाठी

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलची ३:१ आणि ९:३:३:१ ही गुणोत्तरं शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच पाठ केलेली असतात: दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की दुसऱ्या पिढीत एका गुणाची दोन रूपं तीनास एक आणि दोन गुणांच्या चार जोड्या नऊ-तीन-तीन-एक या प्रमाणात दिसतात. प्रत्यक्ष दाणे मोजून ती पाहिलेली माणसं मात्र फार थोडी. खरं तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ऊन येणारी गच्ची, आठ-दहा कुंड्या, बारीक टोकाचा चिमटा आणि दोन हिवाळे एवढ्यावर काम होतं. मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनो (आजचं चेक प्रजासत्ताक) इथल्या मठाच्या बागेत केलेल्या कामाचा हा छोटा तुकडा आहे, पण पूर्ण आणि प्रामाणिक तुकडा आहे.

प्रयोग दोन गुणांचा करायचा: दाणा गोल की सुरकुतलेला, आणि दाण्याची डाळ पिवळी की हिरवी. हेच दोन गुण घेण्याला कारण आहे. फुलाचा रंग किंवा झाडाची उंची पाहायची तर संकरातून आलेलं बी पेरून झाड वाढेपर्यंत थांबावं लागतं. दाण्यातली डाळ हा मात्र पुढच्या पिढीच्या गर्भाचाच भाग असतो. म्हणजे आईच्या झाडावर लटकणाऱ्या शेंगेत मुलांची पिढी आधीच दिसते आणि सबंध एक हंगाम वाचतो. हे नीट समजून घ्या, कारण मोजणीतल्या निम्म्या चुका इथूनच येतात. दाण्याचं साल आईचं असतं, आतली डाळ नव्या पिढीची. सालाचा रंग पाहून डाळीचा निर्णय करायचा नाही.

बियाणं कुठलं घ्यायचं

एक वाण सुरकुतलेल्या, हिरव्या दाण्याचं हवं. भाजीच्या वाटाण्यातलं 'आर्केल' यासाठी उत्तम: झाड बुटकं, फूल पांढरं, पेरणीपासून साधारण ३५ ते ४० दिवसांत फुलावर येतं. मार्केट यार्डाच्या परिसरातल्या बियाण्यांच्या दुकानांत मिळतं. पाकिटातलं बी अनेकदा गुलाबी किंवा निळ्या बुरशीनाशकाने रंगवलेलं असतं. त्या रंगावर जाऊ नका आणि ते बी तोंडात घालू नका. मुलं मदतीला असतील तर त्यांना हे आधी सांगा.

दुसरं वाण गोल, पिवळ्या डाळीचं. रगड्याला आणि उसळीला जो पांढरा वाटाणा भिजत घालतो, तो याच जातीचा. पण किराणा दुकानातली मूठ उचलून पेरू नका. त्यातला बराच माल कॅनडा, रशियाकडून खाण्यासाठी आयात झालेला असतो. तो पेरण्यासाठी आणलेला नसतो, बियांतून पसरणारे विषाणू त्यासोबत येऊ शकतात, आणि एका पोत्यात किती वाणं मिसळली आहेत याचा पत्ता नसतो. कोरड्या दाण्यासाठी पिकवायच्या देशी वाटाण्याचं बियाणं मागा. उत्तर प्रदेशात बुंदेलखंडाकडे, ललितपूर-जालौन भागात, हे पीक मोठं आहे, त्यामुळे बियाणं बाजारात असतं. उंच वाढणारं वाण मिळालं तर आणखी चांगलं.

दोन्ही वाणांचे पाच-पाच दाणे रात्री भिजवा, सकाळी साल सोलून डाळ उघड्यावर पाहा. एकाची स्वच्छ पिवळी आणि दुसऱ्याची स्वच्छ हिरवी दिसली तरच पुढे जा. मेंडेलने ३४ वाणं गोळा करून ती दोन वर्षं नुसती पेरून पाहिली आणि मग त्यातली २२ प्रयोगासाठी ठेवली. वाटाणा कळीतच स्वतःचं परागीकरण उरकतो, म्हणून पाकिटातलं बी बहुधा शुद्ध निघतं. पण 'बहुधा'वर विसंबायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही वाणांची दोन-दोन झाडं हात न लावता पिकू द्या. त्यांच्या शेंगांत एकही वेगळा दाणा निघाला तर त्या बियाण्यातच भेसळ आहे असं समजा.

पेरणीचं वेळापत्रक

पुरंदर तालुक्यात पावसाळ्यातही वाटाण्याचं मोठं पीक निघतं आणि सासवडचा वाटाणा मंडईत येतो. तरीही या कामासाठी पावसाळा नको. ओल्या कळीत परागकण चिकटून वाया जातात आणि शेंगा झाडावर कोरड्या होत नाहीत. आपल्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा.

अडचण अशी की दोन्ही वाणं एकाच वेळी फुलत नाहीत. कोरड्या दाण्याचा वाटाणा फुलायला दोन महिन्यांहून अधिक घेतो आणि आर्केल तोवर शेंगा देऊन मोकळा होतो. एकाच दिवशी दोन्ही पेरणं ही या प्रयोगातली सगळ्यात सामान्य चूक आहे. पांढरा वाटाणा १५ ऑक्टोबरच्या आसपास पेरा. आर्केल तीन हप्त्यांत: १० नोव्हेंबर, २० नोव्हेंबर आणि ३० नोव्हेंबर. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत दोन्हींची फुलं एकत्र मिळतात. याहून उशीर केला तर शेंगा भरायच्या वेळी मार्च येतो. तापमान तिशीच्या वर जाऊ लागलं की वाटाण्याची फुलं आणि कोवळ्या शेंगा गळतात.

कुंडी १२ इंची, एका कुंडीत चार झाडं. आर्केलच्या सहा कुंड्या (प्रत्येक हप्त्याला दोन) आणि पांढऱ्याच्या तीन. मातीत दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट. नुसती काळी माती भरू नका. ती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. युरिया अजिबात नको. वाटाणा मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून नत्र मिळवतो. वरून नत्र दिलं तर पाला माजतो आणि फुलं लांबतात.

बी आठ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड येऊ द्या, मग अडीच-तीन सेंटिमीटर खोल लावा. रात्रभर पाण्यात बुडवून विसरलेलं बी गुदमरतं आणि मऊ पडून कुजतं. पुण्यात खरा शत्रू कबूतर. कोंब वर आला की एका सकाळी सगळी कुंडी साफ होते, म्हणून पहिले तीन आठवडे जाळी हवीच. झाड वीतभर झालं की काटक्या रोवून सुतळी बांधा. पांढरा वाटाणा माणसाच्या कमरेच्या वर जाऊ शकतो.

जानेवारीत थंड रात्री आणि कोरडे दिवस यांमुळे पानांवर पिठासारखी भुरी येते. पहिला ठिपका दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, पण संकराच्या दिवशी नको आणि भर उन्हात नको. शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

फूल ओळखायला शिका

चिमटा हातात घेण्याआधी निदान सहा कळ्या बळी द्या. वाटाण्याच्या फुलात मागे एक मोठी पाकळी असते, ती ध्वज. बाजूला दोन पंख. मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली होडी, तिला नौका म्हणतात. या नौकेत दहा पुंकेसर (टोकाला परागकोश, म्हणजे परागांची पिशवी असलेले नर तंतू) असतात, नऊ तळाशी जुळलेले आणि एक सुटा. त्यांच्या मधोमध कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं स्त्री-टोक, आणि कुक्षीखाली एका बाजूला ब्रशासारखे बारीक केस.

लहानापासून मोठ्यापर्यंत सहा कळ्या ओळीने ठेवा आणि भिंगाखाली एकेक उघडा. अगदी लहान कळीत परागकोश हिरवट आणि घट्ट दिसतील. उमलण्याच्या आदल्या दिवशीच्या कळीत पिवळी भुकटी नौकेच्या टोकाशी साचलेली दिसेल, म्हणजे तिथलं लग्न लागून गेलेलं आहे. आपल्याला या दोन्हींमधली कळी हवी: पाकळ्यांचं टोक निदलांच्या (कळीबाहेरच्या हिरव्या आवरणाच्या) टोकांशी आलेलं किंवा किंचित बाहेर डोकावणारं, परागकोश फुगलेले पण न फुटलेले. कळी फार लहान घेतली तर देठ मोडतो आणि कुक्षी तयार नसते. उशिरा घेतली तर स्वतःचे पराग आधीच पडलेले असतात. ही नजर सहा कळ्यांत बसते. नाही बसली तर आणखी सहा उघडा. झाडाला कळ्यांचा तोटा नसतो.

आई कोण, बाप कोण

मेंडेलने दोन्ही बाजूंनी संकर करून दाखवलं की आई-बाप उलटवले तरी निकाल बदलत नाही. तरीही सुरुवात करणाऱ्याने आई म्हणून सुरकुतलेला हिरवा, म्हणजे आर्केलच घ्यावा. हा सल्ला या सगळ्या मार्गदर्शनातला सर्वात मोलाचा आहे.

गोल आणि पिवळा हे प्रभावी गुण, म्हणजे एकाच पालकाकडून आले तरी दिसणारे; सुरकुतलेला आणि हिरवा हे अप्रभावी, दोन्हींकडून आले तरच दिसणारे. आर्केलच्या शेंगेत संकर यशस्वी झाला असेल तर दाणा गोल, पिवळा निघतो. चुकून स्वतःचेच पराग लागले असतील तर सुरकुतलेला, हिरवा. शेंग उघडताक्षणी खरा कोण, खोटा कोण ते कळतं. पांढऱ्या वाटाण्याला आई केलं तर संकर झालेला दाणाही गोल-पिवळा आणि फसलेला दाणाही गोल-पिवळा. मग एक हिवाळा फुकट घालवल्यावर चूक कळते.

संकर करताना

साहित्य थोडकंच. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो सुईसारख्या टोकाचा चिमटा (पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो), एक शिवणाची सुई, दहापट भिंग, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, रंगीत दोरा आणि सोनाराकडे असतात तसल्या दोऱ्याच्या छोट्या चिठ्ठ्या. लिहायला पेन्सिल घ्या. बॉलपेनची शाई महिन्याभरात उन्हाने उडते आणि कुठली शेंग कुणाची हेच कळेनासं होतं.

वेळ सकाळची, आठ ते अकरा. आधी पांढऱ्या वाटाण्याची त्याच दिवशी उमललेली दोन-तीन ताजी फुलं तोडून डबीत ठेवा. आर्केलच्या एका पेरावर बहुधा दोन फुलं येतात. एक कळी ठेवा, दुसरी खुडून टाका, म्हणजे पुढे शेंग ओळखताना गोंधळ होणार नाही.

डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत कळी अलगद धरा, नौकेची कड स्वतःकडे. ध्वज आणि पंख मागे सारा, तोडू नका. ते नंतर झाकणासारखे कामी येतात. नौकेच्या कडेवर सुईने वरून खाली चीर द्या आणि बोटांनी हलकं दाबा, म्हणजे चीर उघडते. आता चिमट्याने पुंकेसर एकेक करून, परागकोशाखाली तंतूला धरून ओढून काढा. परागकोशालाच चिमटलं तर तो फुटतो. मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन, दहापर्यंत. नऊ झाले आणि दहावा दिसत नाही, तर तो नौकेच्या टोकात अडकलेला असतो. एक राहिला तरी सगळी शेंग स्वतःच्याच परागांची होऊ शकते. मग भिंगाने कुक्षी पाहा. पिवळी धूळ दिसली तर ती कळी खुडून टाका, हळहळ करू नका.

बापाच्या फुलाचे ध्वज-पंख काढा आणि नौका मागे ओढा. परागांनी माखलेला केसाळ ब्रश बाहेर येतो. तोच कुंचला. त्याचं टोक आईच्या कुक्षीवर दोन-तीनदा हलकं टेकवा. कुक्षीवर पिवळे कण दिसले पाहिजेत. पाकळ्या पुन्हा पुढे आणून कळी मिटवा. पुण्याच्या कोरड्या हवेत उघडी राहिलेली कुक्षी सुकते आणि कळी दुसऱ्या दिवशी गळते. म्हणून वरून टिश्यूच्या कागदाची सैल टोपी घालून ती दोन दिवस ठेवा. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, मग बापाचं, मग तारीख. पुढच्या फुलाकडे जाण्याआधी चिमटा स्पिरिटने पुसून वाळू द्या.

तीन-चार दिवसांत कळी हिरवी राहून मधून इवलीशी शेंग डोकावली तर संकर धरला. पिवळी पडून गळली तर नाही. सुरुवातीला दहातल्या दोन-तीन धरल्या तरी हात चांगला आहे असं समजा. म्हणून किमान २५ ते ३० कळ्या करा, तेही पहिल्या तीन-चार फुललेल्या पेरांवर. शेंड्याकडच्या कळ्या दुबळ्या असतात. संकर केलेल्या झाडावरची बाकीची फुलं खुडत राहा, नाहीतर झाड आपली ताकद फुकटच्या शेंगांत घालवतं. अशा शेंगेत दाणे कमीच भरतात, तीन-चार असले तरी पुरे. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत गव्हाची नवी वाणं तयार करताना हेच काम गव्हाच्या ओंबीवर करतात. तिथे फुलं इतकी बारीक असतात की वाटाणा त्यापुढे चैन वाटावी.

पहिली पिढी आणि पावसाळा

शेंग झाडावरच पिवळी, मग करडी, कागदासारखी होऊ द्या. हिरवी शेंग सोलून डाळीचा रंग पाहणं ही ठरलेली चूक, कारण कच्चा दाणा सगळ्यांचाच हिरवा असतो. पिवळ्या वाणात दाणा पिकताना हरितद्रव्य मोडून जातं. हिरव्या वाणात ते मोडण्याचं काम करणारं जनुक बिघडलेलं असतं, म्हणून डाळ हिरवीच राहते. 'हिरवा' म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळालेलं नाही, एक काम न झालेलं आहे. ज्याच्याकडे त्या जनुकाची एक तरी धड प्रत आहे त्याची डाळ पिवळी होते, म्हणून पिवळा प्रभावी.

सुरकुत्यांचीही गोष्ट तशीच. १९९० मध्ये कळलं की सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात सुमारे ८०० डीएनए-अक्षरांचा एक परका तुकडा घुसून बसला आहे. विकर काम करत नाही, साखरेचं स्टार्च नीट होत नाही, साखर साठते, साखरेमागे पाणी आत येतं, कच्चा दाणा टम्म फुगतो. वाळताना तेच पाणी निघून जातं आणि मोठं झालेलं साल आक्रसून सुरकुततं. भाजीचा मटार गोड लागतो तो याच बिघाडामुळे.

शेंगांत गोल-पिवळे निघालेले दाणे वेगळे काढा. हीच पहिली संकरित पिढी. सुरकुतलेले-हिरवे निघाले ते फसलेले, पेरणीतून बाद. असे १५ ते २० खरे दाणे हातात आले की पहिला हिवाळा सफल झाला.

हे दाणे आता जून ते सप्टेंबर सांभाळायचे. सावलीत पाच दिवस वाळवा, दाताखाली कट्कन फुटेल इतके (चाचणीसाठी फसलेला दाणा वापरा, पण बियाणं औषध लावलेलं असेल तर त्या पाकिटातला नको). घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह भरा. कडधान्याच्या भुंग्याची अंडी शेतातूनच आलेली असतात, म्हणून बाटली चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत दव धरतं. पाच दाणे राखीव ठेवा, सगळे एकदम पेरू नका.

दुसरा हिवाळा

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १० ते १५ संकरित दाणे पेरा, प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. आता चिमटा नको. झाडं स्वतःच परागीकरण करतील आणि त्यांच्या शेंगांतले दाणे ही दुसरी पिढी, गुणोत्तरं मोजायची ती यातच. बाप उंच वाणाचा असेल तर ही सगळी झाडं उंच निघतात, आई बुटकी असूनही. काही नव्या वाणांना पानांच्या जागी नुसते ताण्यांचे झुपके असतात. बाप तसा असेल तर पहिल्या पिढीत सगळ्यांना साधी पानं येतात, कारण तो गुण अप्रभावी आहे. हे दोन पुरावे फुकटात मिळतात, लिहून ठेवा.

शेंगा पूर्ण वाळल्यावर झाडनिहाय पाकिटांत घाला. झाडामागे पंचवीसेक दाणे मिळाले तर ३०० च्या आसपास आकडा जमतो. तेवढा हवाच. ५० दाण्यांवर ९:३:३:१ शोधू नका, शेवटचा गट तीन दाण्यांचा येईल आणि एका दाण्याने सगळं चित्र हलेल.

मोजणी

नियम मोजणीआधी लिहा, नंतर नाही. किडका दाणा बाद, साबुदाण्याएवढा न भरलेला दाणा बाद, बाकी प्रत्येक दाणा मोजायचा. 'हा गुणोत्तरात बसत नाही' म्हणून एकही दाणा बाजूला गेला तर पुढची गणितं निरर्थक आहेत. घरातल्या दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता वेगवेगळी वर्गवारी करावी आणि जिथे मतभेद होईल ते दाणे तपासावेत.

शंका मुख्यतः तीन प्रकारच्या येतात. शेंगेत दाणे दाटीने बसले की गोल दाण्याला खळगा पडतो. खळगा म्हणजे सुरकुती नव्हे. खरी सुरकुती सगळ्या अंगावर असते. दुसरी, फार दिवस उन्हात राहिलेला हिरवा दाणा फिका पडून पिवळसर दिसतो. नखाने साल खरवडा, दाणा दुभंगून आतली बाजू पाहा. ऊन आतवर पोचलेलं नसतं. तिसरी, कच्चा काढलेला गोल दाणा आक्रसून सुरकुतल्यासारखा दिसतो. त्याचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. डाळीवरून ब्लेडने चिमूटभर भुकटी काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळा आणि दहापट पाणी घातलेल्या टिंक्चर आयोडीनचा अर्धा थेंब सोडा. गोल वाणाचे स्टार्चचे कण मोठे, लांबट, अखंड दिसतात. सुरकुतलेल्याचे लहान, तडे गेलेले, तुकड्यांनी जोडल्यासारखे. शाळेतला ४०० पट सूक्ष्मदर्शक याला भरपूर झाला.

आता आकडे. समजा ३२० दाणे मिळाले: गोल-पिवळे १९०, गोल-हिरवे ५५, सुरकुतलेले-पिवळे ५८, सुरकुतलेले-हिरवे १७. ९:३:३:१ प्रमाणे अपेक्षित १८०, ६०, ६०, २०. प्रत्येक गटात फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागा: १००÷१८० म्हणजे ०.५६, २५÷६० म्हणजे ०.४२, ४÷६० म्हणजे ०.०७, ९÷२० म्हणजे ०.४५. बेरीज १.५०. हा काय-वर्ग, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतल्या तफावतीचं माप. चार गट असताना तो ७.८२ पेक्षा कमी असेल तर फरक निव्वळ योगायोगाचा मानायला हरकत नाही. एकच गुण घेऊन ३:१ तपासताना हीच मर्यादा ३.८४.

मेंडेलचे याच संकराचे आकडे होते ३१५, १०८, १०१ आणि ३२, एकूण ५५६ दाणे, १५ झाडांवरून. त्यांचा काय-वर्ग जेमतेम ०.४७ येतो. त्याच्या एकूण आकड्यांची जुळणी जरा जास्तच चांगली आहे, हे संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये दाखवलं आणि त्यावर वाद झाले. तुमचा आकडा २ किंवा ४ आला तर तो वाईट नाही. नशिबाची चाल तशीच असते.

७.८२ च्या वर गेला तर आधी दाणे पुन्हा पाहा, गणित नंतर. हिरवे कमी आणि पिवळे जास्त भरले असतील तर बहुधा उन्हाने फिके पडलेले दाणे चुकीच्या ढिगात गेले आहेत. सुरकुतलेले जास्त असतील तर शेंगा लवकर काढल्या. मग झाडनिहाय पाकिटं पाहा. एखाद्या झाडावर सगळेच दाणे गोल-पिवळे असतील तर ते संकरित नव्हतंच, आर्केलच्या पाकिटात भेसळीचा गोल दाणा होता. म्हणूनच झाडांना क्रमांक द्यायचे आणि दाणे एका डब्यात ओतायचे नाहीत.

जोडीला एक आठवड्याचा प्रयोग

शेंगांची वाट पाहताना आर्केलच्या बुटकेपणाची परीक्षा घेता येते. त्याच्याकडे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार करण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक बिघडलेलं आहे. द्राक्षबागायतदार मणी लांबवायला हेच संप्रेरक वापरतात आणि 'जीए' नावाने ओळखतात. नारायणगाव-जुन्नरकडच्या कृषी दुकानांत एक ग्रॅमच्या पुड्या मिळतात. ते पाण्यात सरळ विरघळत नाही. एक ग्रॅम २५ मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवा, पाणी घालून एक लिटर करा. त्यातले ५० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा. हातमोजे घालून, आठ-दहा दिवसांच्या चार आर्केल रोपांवर हे फवारा. दुसऱ्या चार रोपांवर तेवढंच स्पिरिट घातलेलं नुसतं पाणी, नाहीतर तुलनाच उरत नाही. रोज पेरांमधलं अंतर मोजा. आठवड्याभरात फवारलेली रोपं ताडमाड होतात आणि त्यांना काठी लागते. त्यांचं बी पुढच्या हिवाळ्यात पेरलं तर रोपं पुन्हा बुटकी. फवाऱ्याने झाड बदललं, जनुक नाही.

तिसरा हिवाळा मिळाला तर

दुसऱ्या हिवाळ्यातले गोल दाणे बाहेरून सारखेच दिसतात, पण आतून नाहीत. त्यातले ३० पेरा आणि प्रत्येक झाडाच्या शेंगा वेगळ्या पाहा. साधारण दहा झाडं नुसते गोल दाणे देतील, वीस झाडांवर गोल आणि सुरकुतलेले दोन्ही निघतील. मेंडेलला ५६५ झाडांपैकी १९३ नुसती गोल आणि ३७२ मिश्र मिळाली होती. झाडामागे दहा-बारा तरी दाणे तपासा. दोन-तीन दाणे पाहून 'नुसतं गोल' ठरवलंत, तर मिश्र झाडं शुद्ध म्हणून मोजली जातील.

पहिल्या पिढीचे राखून ठेवलेले पाच दाणेही याच वेळी लावा. त्या झाडांचे पराग पुन्हा आर्केलच्या कळ्यांवर टेकवा. आर्केलकडून येणारी प्रत नेहमी अप्रभावी, म्हणून दाण्यात जे दिसेल ते सगळं संकरित झाडाच्या परागाने आणलेलं. चारही प्रकार जवळपास सारख्या संख्येने निघतात, कारण हे दोन गुण वाटाण्याच्या सात जोड्यांमधल्या दोन निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत आणि पराग तयार होताना त्यांची वाटणी एकमेकांना न विचारता होते. हातात ६०-७० दाणे आले तरी १:१:१:१ ओळखू येतं, फक्त त्यासाठी वीसेक शेंगा धरायला हव्यात. यावेळी मात्र फसलेला दाणा वेगळा ओळखता येत नाही, कारण सुरकुतलेला-हिरवा हा आता खऱ्या संकराचाही एक प्रकार आहे. तो गट बाकी तिघांपेक्षा ठळकपणे मोठा आला, तर कळीत राहून गेलेला दहावा पुंकेसर आठवा.